पुढचं किट कोणतं उघडू: टी-५५ए, हंटर की मिग-२१ बिस?

प्रश्न: बाल्कनी_हँगर

नमस्कार मंडळी. आतापर्यंत फक्त १/७२ ची छोटी प्लास्टिक मॉडेल विमानं, तीही हाताने ब्रश मारून. आता जरा मोठं काम हवंय. तीन खोकी समोर आहेत:

टामिया १/३५ टी-५५ए (रणगाडा)
एअरफिक्स १/४८ हॉकर हंटर एफ.६ (लढाऊ विमान)
एडुआर्ड १/४८ मिग-२१ बिस, प्रोफिपॅक

तिन्हींचा विषय एकच ठेवायचाय, १९७१ चं युद्ध आणि भारतीय खुणा. एअरब्रश नवा आहे (०.३ मिमी नोझल, छोट्या टाकीचा कॉम्प्रेसर), अजून भंगार चमच्यांवरच चालवलाय. फोटो-एच्ड पत्र्याला (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग, मिगच्या खोक्यात आहेत) कधी हात लावलेला नाही. राहायला ठाण्यात आणि जुलै चालू आहे, म्हणजे हवेचं काय ते समजून घ्या. कपाटातला कप्पा ३५ सेंमी खोल. पहिलं कोणतं घेऊ? किट अर्धवट सोडायचं नाही, एवढीच अट.

---

रिव्हेट_मोजणी:

विषय १९७१ असेल तर मिग आपोआप बाद. बिस १९७१ मध्ये आपल्याकडे नव्हतंच. तेव्हा लढलं ते मिग-२१ एफएल, म्हणजे टाइप ७७. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने आधी बनवलं तेही हेच. बिस तिथे १९८० च्या दशकात बनत होतं.

बिसच्या खोक्यातून एफएल काढू म्हणाल तर तो नाद सोडा. फरक असे: बिसच्या पाठीवर कॉकपिटपासून शेपटीपर्यंत जाड कुबड आहे (त्यात इंधन), एफएलची पाठ सडपातळ. बिसची कॅनॉपी (वैमानिकावरची काच) दोन भागांची, मागचा भाग बाजूला उघडतो. एफएलची एकसंध, पुढे बिजागरी असलेली. आसनही वेगळं. बिसच्या पोटात जीएसएच-२३ तोफ बसवलेली असते, एफएलला अंगची तोफ नाही, पोटाखाली जीपी-९ हा तोफेचा पॉड लटकवायचे. एवढं सगळं कापून-घासून करण्यापेक्षा एडुआर्डचंच मिग-२१ पीएफ घ्या, एफएलच्या सर्वांत जवळ तेच. फक्त उभी शेपटी रुंद हवी, खोक्यात ती आहे का ते स्प्रूच्या (सुटे भाग जोडलेल्या चौकटीच्या) फोटोत बघूनच पैसे द्या.

बिस वाया जात नाही. नंतरच्या करड्या रंगात सुरेख दिसतं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हा त्या काळातलं एक कपाटात असावंच. पण ते १९७१ च्या रांगेत नको.

---

लुकण_आणि_पॉलिशपेपर:

वरच्यांनी निम्मं काम केलं. राहिले दोन. माझं मत सरळ टी-५५.

कारण असं की एअरब्रश नवा असताना विमान आणि रणगाडा यांत चूक दिसण्याचा फरक फार मोठा आहे. विमानाच्या गुळगुळीत अंगावर रंग जरा खरखरीत बसला, एखादा सांधा नीट घासला नाही, की ते लांबूनच दिसतं. रणगाड्याचं टरेट (तोफेचा फिरता घुमट) मुळातच ओतीव पोलादाचं, खडबडीत. त्यावर धूळ, चिखल, गंज. रंगाचा हात थोडा चुकला तरी वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग) आणि धूळ त्याला सांभाळून घेतात. शिवाय पारदर्शक भाग जवळपास नाहीत, मास्किंग नाही, रंग एकच.

१९७१ ला धरूनही चालतं. छांबच्या लढाईत ९ हॉर्स (डेक्कन हॉर्स) आणि ७२ आर्मर्ड रेजिमेंट टी-५४/५५ घेऊन उतरल्या होत्या. समोर पाकिस्तानचे टाइप ५९, म्हणजे टी-५४ चीच चिनी आवृत्ती. दोन्हीकडे जवळपास एकच आकृती, त्यामुळे खुणा नीट लावा, नाहीतर बघणारा विचारेल हा कोणाचा.

दोन गोष्टी तपासून घ्या. एक, टामियाचं किट 'ए' आहे. किरणोत्सारापासून बचावाच्या अस्तरामुळे ए च्या टरेटवरच्या झाकणांभोवती जाड उंचवटा दिसतो. साध्या टी-५५ ला तो नाही आणि पुढच्या पत्र्यात मशिनगनचं बारीक भोक असतं. ज्या रणगाड्याचा फोटो समोर ठेवाल त्यात काय आहे ते बघा आणि मग ठरवा, घासायचं की चालवून घ्यायचं. दोन, नळी. किटमधली १०० मिमी तोफ, धूर ओढणारा डबा नळीच्या टोकाला. पुढे आपल्याकडे टी-५५ वर १०५ मिमी तोफ चढली, तिचा डबा नळीच्या मध्यावर. १९७१ साठी टोकाचाच ठेवा, इंटरनेटवरचा नंतरचा फोटो बघून महागडी धातूची नळी मागवू नका.

आता काम कुठे अडतं ते.

चाकं. एका बाजूला पाच, प्रत्येक जोडचाक, म्हणजे वीस चकत्या. रबराच्या कडेवर साच्याची रेघ असते. टूथपिकवर चाक घट्ट बसवून ६०० नंबरच्या वॉटर पेपरवर फिरवा, बोटात धरून घासाल तर सपाट ठिकाणं पडतात. कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली की शेवटी दिसते. चाकं रंगेपर्यंत चिकटवू नका. आधी सगळं हिरवं, मग रबर टामियाच्या एक्सएफ-८५ रंगाने, ब्रश स्थिर आणि चाक फिरतं.

ट्रॅक. टी-५५ ला वरच्या बाजूला आधार देणाऱ्या छोट्या पुली नसतात. ट्रॅक थेट चाकांच्या डोक्यावर लोळतो, मागच्या दातेरी चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत आणि पुढच्या आयडलरपासून (मोकळ्या फिरणाऱ्या चाकापासून) पहिल्या चाकापर्यंत झोळ खातो. किटचा ट्रॅक व्हिनाइलचा, तो ताठ राहतो आणि चाकांवर तरंगतो. नवख्याचा टी-५५ इथेच ओळखू येतो. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात जी जास्त जागा आहे तीही तशीच दिसली पाहिजे, ती या घराण्याची खूण.

टरेट. नुसतं रंगवलं तर साबणाच्या वडीसारखं दिसतं. मिस्टर सरफेसर ५०० (दाट प्रायमर) जुन्या, कडक ब्रशने ठोकत लावा, एका वेळी दोन-तीन चौरस सेंमी. सुकायच्या आत परत ठोका. पूर्ण वाळल्यावर ८०० ने वरून हलकंच. हलचे (रणगाड्याच्या धडाचे) पत्रे लाटलेले असतात, तिथे हा प्रकार करायचा नाही.

नळी दोन अर्ध्यांची निघाली तर सांधा नीट भरून वॉटर पेपरची पट्टी तिच्याभोवती गुंडाळून मागेपुढे ओढा. सपाट फाइल लावलीत की नळी षट्कोनी होते.

रंग: काळसर प्रायमर, मग एक्सएफ-६२. वरच्या सपाट भागांवर त्यातच थोडा एक्सएफ-५७ मिसळून हलका फवारा. डिकल्सच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांच्या) जागी ग्लॉस. वॉशसाठी तैलरंगातला बर्न्ट अंबर आणि मिनरल टर्पेंटाइन. एक धोका लक्षात ठेवा: सस्पेन्शनचे दांडे ताणात बसलेले असतील आणि तिथे टर्पेंटाइन साचलं, तर प्लास्टिकला तडा जातो, कधी कधी दुसऱ्या दिवशी. वॉश थेंबाने घाला, साचलेलं कोरड्या ब्रशने लगेच टिपा.

आणि धूळ छांबची लावा. करडट पिवळी, एक्सएफ-५२ मध्ये भरपूर एक्सएफ-५७. कोकणातला लाल चिखल तिथे नको.

ठाण्याहून अहिल्यानगर एका दिवसात होतं. तिथल्या रणगाडा संग्रहालयात (१९९४ पासून आहे) ओतीव टरेट, वेल्डची रेघ आणि जुन्या रंगाचे थर डोळ्यासमोर दिसतात. किटच्या आधी ते बघितलंत तर निम्मे प्रश्न सुटतील.

---

डॉगटूथ:

टी-५५ वाईट नाही, पण हंटरला एका ओळीत उडवू नका. बाल्कनी_हँगर विमानंच करत आलेत, सांधे, कॅनॉपी, डिकल्स हे त्यांना माहीत आहे. रणगाडा घेतला तर सगळंच नवीन: ट्रॅक, धूळ, गंज, ओतीव पोत. हंटरमध्ये नवीन एकच, एअरब्रशने दोनरंगी कॅमोफ्लाज.

विषय म्हणाल तर लोंगेवाला. ५ डिसेंबर १९७१ ची सकाळ, जैसलमेरहून उडालेले हंटर. याच्यापुढे काय हवं?

एफ.६ मधून एफ.५६, म्हणजे भारतीय हंटर, करायला फार कापाकापी नाही. मुख्य म्हणजे शेपटीत जेट पाइपच्या वर ब्रेक पॅराशूटचा फुगवटा लागतो. खोक्यात जादा भाग आहे का बघा, नसेल तर पुट्टीने घडवता येतो. फोटोतलं विमान एफ.५६ए असेल तर मूळ एफजीए.९ आहे, त्याचं वेगळं खोकं एअरफिक्सने काढलंय.

काळजीच्या जागा तीन.

पंखांच्या मुळाशी हवा घेणाऱ्या तोंडांच्या आतला सांधा. बंद झाल्यावर बोटही जात नाही आणि कटरही. जोडण्याआधीच घासा, आत रंग द्या, मगच पुढे.

नाकातलं वजन. हंटर शेपटीवर बसतो. पंख आणि धड मास्किंग टेपने तात्पुरतं जोडा, मागच्या चाकांच्या भोकांच्या रेषेत खाली दोन टूथपिक ठेवा, आणि नाक पुढे झुकेपर्यंत नाकावर नाणी टेपने चिकटवा. तेवढं वजन अधिक थोडं जास्त, कारण रंग, शेपटी आणि जेट पाइप नंतर चढतात. मासेमारीचं शिसं एम-सीलमध्ये दाबून नाकात बसवा. नुसतं फेविक्विकने चिकटवलेलं शिसं कधीतरी सुटतं आणि मग आयुष्यभर खुळखुळा.

कॅनॉपी. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरी चढते, ती निघत नाही. पांढरा गोंद वापरा, टूथपिकच्या टोकाने, कडेला. नाकाखालचे ते दोन फुगवटे, ज्यांना वैमानिक 'सॅब्रिना' म्हणत (त्यात तोफांच्या गोळ्यांच्या पट्ट्याच्या कड्या साठायच्या), ते घासताना उडवू नका.

कॅमोफ्लाज वरून गडद हिरवा आणि गडद करडा, टामियात एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-५४ जवळ जातात. आधी करडा सगळीकडे, मग ब्लू-टॅकच्या (चिकट मऊ पुट्टीच्या) बोटभर जाड वळ्या रेषेवर ठेवून मधला भाग टेपने झाकायचा. वळीच्या गोलाईमुळे कड किंचित मऊ येते. फवारा सरळ वरूनच, तिरका मारलात तर रंग वळीखाली शिरतो.

मापाचं म्हणाल तर हंटर जवळपास २९ सेंमी लांब आणि पंखांच्या टोकांमधलं अंतर २१ सेंमी. तुमच्या कप्प्यात बसतो. मिगला नाकापुढची बारीक पिटोनळी धरून ३३ च्या आसपास, म्हणजे नळी मोडणार हे ठरलेलं. टी-५५ नळीसकट २६ च्या आत.

---

लुकण_आणि_पॉलिशपेपर:

@डॉगटूथ, सगळं मान्य, पण जुलैमध्ये ठाण्यात १/४८ विमानावर पहिला कॅमोफ्लाज? हवेत इतका ओलावा असताना ग्लॉस, मॅट, लॅकर तिन्ही रुसतात. रणगाड्याचं निम्मं काम कटर आणि वॉटर पेपरचं आहे, ते पावसात आरामात होतं. हंटर दिवाळीनंतर घ्यावा.

---

कोरडी_हवा:

हवेचा विषय निघालाच आहे तर तेवढंच लिहितो, बाकी भांडण तुमचं.

कॉम्प्रेसरची टाकी दर वेळी रिकामी करताना खालचा स्क्रू उघडून पाणी काढा. पावसाळ्यात अर्ध्या तासाच्या फवारणीनंतरही पाणी निघतं. टाकीच्या बाहेर एक मॉइश्चर ट्रॅप असेलच, दुसरा एअरब्रशच्या तोंडाशी लावा, कारण नळीत गार होऊन पाणी पुढेही तयार होतं. रंगात मधेच पाण्याचा थेंब थुंकल्यासारखा येतो तो हाच.

लॅकर दमट हवेत पांढुरका पडतो. सॉल्व्हंट झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. मिस्टर लेव्हलिंग थिनर वापरा, त्यात उडण्याचा वेग कमी करणारा रिटार्डर असतो. पांढरं पडलंच तर वाळल्यावर नुसत्या लेव्हलिंग थिनरचा पातळ फवारा द्या, बरंचसं विरघळून सरळ होतं. मॅट वॉर्निश पांढरं झालं तर त्यावर ग्लॉस मारून बघा, बहुतेक वेळा निघून जातं, मग कोरड्या दिवशी परत मॅट.

टामियाचे अॅक्रिलिक या दिवसांत सर्वांत शहाणे. एक्स-२०ए (टामियाचं थिनर) बरोबर निम्मेनिम्म, १५ ते १८ पीएसआय, पातळ तीन थर. प्रत्येक थर पूर्ण मॅट दिसेपर्यंत पुढचा नाही.

हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर फक्त एअरब्रश धुवायला. प्लास्टिकवर ब्रशने लागला तर पॅनल लाइन विरघळतात. धुतानाही मास्क, उघडी खिडकी, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ अजिबात नाही. गॅस पेटलेला असतो हे विसरतात लोक.

फेविक्विक उलट दमट हवेत जास्त लवकर धरतं. भाग सरळ करायला मिळणारा वेळ कमी, तेव्हा थेंब भागावर नाही, टाइलच्या तुकड्यावर टाका आणि सुईने उचला. उघडलेली नळी सिलिका जेलच्या डबीत ठेवा, नाहीतर आठवड्यात दगड.

---

बाल्कनी_हँगर:

सगळ्यांचे आभार. ठरलं, टी-५५ आता, हंटर थंडीत. मिग बाजूला ठेवतो, पीएफ मिळालं तर बघू. दोन प्रश्न: ट्रॅकचा झोळ नेमका कसा काढायचा? आणि मिगच्या खोक्यातला फोटो-एच्ड पत्रा मधल्या काळात सरावाला वापरू का?

---

रिव्हेट_मोजणी:

पत्रा सरावाला वापरू नका, ते त्याच किटचं कॉकपिट आहे, परत मिळायचं नाही. सराव करायचाच तर कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा ५ मिमीच्या पट्ट्या कापून दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये धरून काटकोनात वाकवा. तो किटच्या पितळापेक्षा मऊ असतो, पण हाताला सवय होते. खरा भाग कापताना रबरी मॅटवर नाही, फरशीच्या तुकड्यावर. मॅटवर पत्रा दबतो आणि वाकून उडतो, मग जमिनीवर शोधमोहीम.

---

लुकण_आणि_पॉलिशपेपर:

ट्रॅकसाठी क्रम असा ठेवा.

वरचा हल, म्हणजे फेंडरचा भाग, न चिकटवता बाजूला ठेवता येतोय का ते आधी कोरडं जोडून बघा. बसत असेल तर रंग, चाकं, ट्रॅक सगळं उघड्यावर करता येतं.

ट्रॅक आधी कोमट साबणाच्या पाण्यात धुवा, साच्याचं तेल निघतं. कोणता गोंद धरतो ते जोडाच्या आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या कडेला तपासा. काही व्हिनाइल टामियाच्या सिमेंटने वितळून धरतं, काही फक्त फेविक्विकने. जोड चाकाच्या खाली येईल असा बसवा, वर किंवा पुढे नको.

मग हलच्या बाजूला, दुसऱ्या आणि चौथ्या चाकाच्या वर, ट्रॅकची वरची पट्टी जिथे चाकाला टेकली पाहिजे त्या उंचीच्या किंचित वर ०.५ मिमी ड्रिलने भोक. त्यात तांब्याची बारीक तार अडकवा, साधारण ८ मिमी बाहेर. ती ट्रॅकला वरून दाबून धरते. बाहेरून चाकाआड आणि फेंडरखाली दिसत नाही. तार रंगवायची ती हिरवीच.

मागच्या आणि पुढच्या झोळासाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा ट्रॅक आणि फेंडरच्या मध्ये कोंबा, ट्रॅक खाली दबला की चाकांच्या डोक्यावर फेविक्विकचा सुईभर थेंब. रात्रभर तसंच. सकाळी स्पंज काढल्यावर वर उसळत असेल तर तिथे आणखी एक तार.

फेविक्विकचे चमकणारे डाग दिसले तर घाबरू नका, धुळीच्या थराखाली जातात. उलट क्रम केलात, म्हणजे धूळ आधी आणि गोंद नंतर, तर ते डाग परत झाकत बसावं लागेल.